टाउनच्या लायब्ररीत पुस्तकांवरून वाद पेटला, तर काय करायचं?
अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेतल्या मराठी घरांचं टाउनच्या लायब्ररीशी नातं बहुतेक वेळा मुलांमुळे जुळतं. स्टोरी टाइम, उन्हाळ्यातलं समर रीडिंग, एसएटीची जाडजूड पुस्तकं, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना दुपारी बसायला एक गार, शांत जागा. या लायब्ररीला एक बोर्ड असतं, ते साधारण महिन्यातून एकदा बसतं आणि तिथे जाऊन कोणालाही बोलता येतं, हे मात्र दहा-पंधरा वर्षं राहूनही अनेकांच्या गावी नसतं. मग एके दिवशी टाउनच्या फेसबुक ग्रुपवर कुणीतरी एका पुस्तकाच्या एका पानाचा फोटो टाकतं, खाली कमेंटांचा पाऊस पडतो, आणि सॉकरच्या मैदानावर दुसऱ्या मुलाची आई विचारते, तुम्ही कुठल्या बाजूचे?

बाजू सवडीने ठरवा. आधी तीन गोष्टी शोधायच्या: निर्णय कोण घेतं, कुठल्या नियमाने घेतं, आणि लायब्ररीचा पैसा कुठून येतो. गेल्या चार-पाच वर्षांत जी भांडणं गाजली, त्यांत पुस्तक हे निमित्त होतं. निकाल लागला तो बोर्डाच्या नेमणुकांवर, बजेटवर आणि कार्यपद्धतीवर. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी आक्षेपांची मोजदाद करते. २०२३ साली आक्षेप आलेल्या वेगवेगळ्या पुस्तकांची संख्या ४,२४० होती, २०२४ साली २,४५२. पण मला त्याहून बोलका वाटतो तो २०२४ चा दुसरा आकडा: पुस्तकं हटवण्याच्या मागण्यांपैकी ७२ टक्के मागण्या संघटित गट, लोकप्रतिनिधी, बोर्डाचे सदस्य आणि प्रशासक यांच्याकडून आल्या. पालकांकडून आलेल्या १६ टक्के. म्हणजे समोर बहुधा एखादी वैतागलेली आई नसते, तयार यादी असते.

भारतातून आलेल्या माणसाला आणखी एक जुनी सवय बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे पुस्तकावर बंदी म्हणजे सरकारी अधिसूचना. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावर महाराष्ट्र सरकारने २००४ साली बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तो निकाल कायम केला. सगळा प्रवास मंत्रालय ते कोर्ट. इथे पुस्तक दुकानात आणि ॲमेझॉनवर राजरोस मिळत असतं. भांडण असतं ते करदात्यांच्या पैशातून घेतलेल्या प्रतीचं: ती कोणत्या फळीवर राहणार, राहणार की नाही, आणि हे ठरवणार कोण.

पहिली पायरी: ही लायब्ररी नेमकी कोणाची?

या पायरीला घाई करू नका. सगळ्यात जास्त चुकीच्या दारावरच्या टकटकी इथेच होतात. लोक कौन्सिलच्या सभेत जाऊन घसा कोरडा करतात आणि नंतर कळतं की कौन्सिलला त्या विषयात अधिकारच नव्हता.

न्यू जर्सीत म्युनिसिपल लायब्ररी असेल तर विश्वस्तांना, म्हणजे बोर्डाच्या सदस्यांना, मेयर नेमतात. सुपरिंटेंडंट ऑफ स्कूल्स आणि स्वतः मेयर, किंवा त्यांचे प्रतिनिधी, बोर्डावर पदसिद्ध असतात. बाकीच्यांची मुदत ५ वर्षांची, आणि लायब्ररीचा पैसा खर्च करण्याचा अधिकार या बोर्डाचा. म्हणजे मेयरची निवडणूक हीच आडमार्गाने लायब्ररीची निवडणूक असते, फक्त परिणाम हळूहळू दिसतो.

इलिनॉयमध्ये लायब्ररी डिस्ट्रिक्ट, म्हणजे फक्त लायब्ररीसाठीचा स्वतंत्र विभाग, असेल तर विश्वस्त थेट निवडून येतात. विषम वर्षांतल्या एप्रिलमध्ये ही निवडणूक असते आणि मतदान इतकं कमी होतं, की एका मोठ्या सबडिव्हिजनने मनावर घेतलं तर निकाल फिरू शकतो. टेक्सासमध्ये शहराची लायब्ररी बहुधा शहराचं एक खातं असते. तिचं बोर्ड सल्लागार, खरी सत्ता कौन्सिल आणि सिटी मॅनेजर यांच्याकडे. काउंटीची लायब्ररी असेल तर सत्ता कमिशनर्स कोर्टाकडे. नावात कोर्ट असलं तरी ते न्यायालय नव्हे, काउंटीचं कारभारी मंडळ. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनो, मिल्पिटास वगैरे सँटा क्लारा काउंटी लायब्ररी डिस्ट्रिक्टमध्ये येतात. तिथे शहरांच्या कौन्सिलचे आणि काउंटीचे प्रतिनिधी एकत्र बसतात.

लायब्ररीच्या वेबसाइटवर तळाशी, अबाउट अस किंवा गव्हर्नन्स अशा पानावर, बोर्डाची नावं, मुदत संपण्याची तारीख, उपविधी आणि मागच्या सभांचे मिनिट्स असतात. एका कागदावर उतरवून घ्या: कोण सदस्य, कोणी नेमला, कधी मुदत संपते, पुढची सभा कधी. नाही सापडलं तर रेफरन्स डेस्कवर विचारा. तिथल्या बाईंना हा प्रश्न अजिबात विचित्र वाटत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून बऱ्याचदा बरंच वाटतं.

आणि शाळेची लायब्ररी वेगळी, हे पक्कं लक्षात ठेवा. तिथे स्कूल बोर्ड आणि राज्याचे शिक्षणविषयक कायदे लागू होतात. फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्यानुसार लैंगिक वर्णनावरून आक्षेप आला की शाळेतलं पुस्तक ५ शालेय दिवसांत बाजूला काढावं लागतं, चौकशी नंतर. टेक्सासने २०२५ साली शालेय ग्रंथालयांसाठी कायदा करून खरेदीवरचा अंतिम शब्द स्कूल बोर्डाकडे दिला. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पालकांच्या बाजूने निकाल दिला, तो वर्गात वाचून दाखवल्या जाणाऱ्या गोष्टींच्या पुस्तकांबद्दल होता, पब्लिक लायब्ररीबद्दल नव्हता. फेसबुकवर या तिन्हींची सरमिसळ चालते. तुम्ही करू नका.

दुसरी पायरी: नियम वाचा, मग फॉर्म वाचा

दोन दस्तऐवज मिळवायचे. एक, पुस्तकं कशी निवडली जातात त्याचं धोरण, म्हणजे कलेक्शन डेव्हलपमेंट पॉलिसी. दुसरा, आक्षेप आल्यावर काय करायचं त्याचं धोरण, ज्याला इथे रीकन्सिडरेशन म्हणतात. दुसऱ्यासोबत एक फॉर्म असतो. लायब्ररीगणिक शब्द बदलतात, पण प्रश्न साधारण हेच:

तुमचं नाव आणि पत्ता. तुम्ही स्वतःच्या वतीने बोलताय की एखाद्या संघटनेच्या? पुस्तक पूर्ण वाचलंत का? नसेल तर कोणते भाग वाचलेत? आक्षेप कशावर आहे, पान क्रमांक द्या. या विषयावर दुसरी बाजू मांडणारं कोणतं पुस्तक सुचवाल? लायब्ररीने काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे?

हा एक कागद निम्मी वादळं शमवतो. पूर्ण वाचलंत का, या प्रश्नाशी अनेक जण थबकतात. दुसऱ्याच्या यादीवरून आलेला माणूस पान क्रमांकाच्या रकान्यात अडखळतो. आणि ज्याचा आक्षेप खरा आहे, त्याला आपलं म्हणणं नीट मांडायला जागा मिळते.

फॉर्म भरला की साधारणपणे लायब्ररीतले दोन-तीन जाणकार पुस्तक वाचतात, परीक्षणं पाहतात, डायरेक्टर लेखी उत्तर देतात, आणि ते मान्य नसेल तर बोर्डाकडे अपील करता येतं. धोरणात चार गोष्टी आहेत का ते तपासा. चौकशी चालू असताना पुस्तक फळीवरच राहणार का? आक्षेप घेणारा तुमच्याच टाउनचा रहिवासी असावा अशी अट आहे का? निकाल लागल्यावर त्याच पुस्तकावर पुन्हा किती वर्षांनी आक्षेप घेता येतो? निर्णय लेखी, कारणांसह देणं बंधनकारक आहे का? यातली एखादी गोष्ट नसेल तर ती भरून काढायची वेळ आत्ताच आहे, वाद पेटायच्या आधी. पेटल्यावर केलेली दुरुस्ती कुठल्या तरी एका पुस्तकासाठी केल्यासारखी दिसते, आणि कोर्टातही तशीच दिसते.

काही राज्यांनी हे काम स्वतः केलंय. इलिनॉयचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला: ज्या लायब्ररीला राज्याचं अनुदान हवं, तिने लायब्ररी असोसिएशनचं हक्कपत्र किंवा पक्षीय किंवा वैचारिक कारणांवरून पुस्तकं हटवणार नाही असं लेखी धोरण स्वीकारायला हवं. न्यू जर्सीत तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी ९ डिसेंबर २०२४ ला फ्रीडम टू रीड कायद्यावर सही केली. त्यात आक्षेपाची ठरावीक पद्धत आहे, चौकशीदरम्यान पुस्तक उपलब्ध ठेवण्याची सक्ती आहे आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या ग्रंथपालांना कायद्याचं संरक्षण आहे. तुम्ही न्यू जर्सीत असाल तर बोर्डाला एवढंच विचारा: या कायद्याप्रमाणे आपलं धोरण शेवटचं कधी सुधारलं?

तिसरी पायरी: वाद कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

एका पुस्तकावरचा एक फॉर्म, हे सगळ्यात सौम्य प्रकरण. दुसरा प्रकार जागाबदलाचा: पुस्तक मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात हलवा. हा मधला मार्ग वाटतो आणि कधी कधी खरोखर योग्यही असतो. पण वयात येतानाच्या शारीरिक बदलांचं, दहा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेलं पुस्तक मोठ्यांच्या विभागात गेलं, तर ती मुलगी तिथे जाऊन ते मागणार नाही. तिसरा प्रकार म्हणजे ग्रंथपालांच्या डोक्यावर नवी समिती बसवणं. चौथा बोर्डच बदलणं. पाचवा पैसा तोडणं. खाली जाल तसतसं पुस्तकाचं नाव ऐकू येईनासं होतं.

टेक्सासमधल्या लॅनो काउंटीत यांतले बरेच प्रकार एकापाठोपाठ दिसले. २०२१ साली तक्रारी आल्या, १७ पुस्तकं फळीवरून गेली. त्यांत लहान मुलांची पादण्याबिदण्यावरची विनोदी पुस्तकं होती, कू क्लक्स क्लॅनचा इतिहास होता, आणि इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट' होतं. याच पुस्तकात अमेरिकेतल्या वर्णव्यवस्थेची तुलना भारतातल्या जातिव्यवस्थेशी केली आहे आणि डॉ. आंबेडकरांची चर्चा आहे. मराठी वाचकाला हा वाद परका का वाटू नये, याला एवढं पुरे. कमिशनर्सनी जुनं लायब्ररी बोर्ड बरखास्त करून नवं सल्लागार मंडळ नेमलं. पुस्तकं हटवायला नकार देणाऱ्या एका ग्रंथपाल बाईंची नोकरी गेली. वाचकांनी एप्रिल २०२२ मध्ये दावा लावला, जिल्हा न्यायाधीशांनी मार्च २०२३ मध्ये पुस्तकं परत ठेवायला सांगितलं, तर कमिशनर्सनी लायब्रऱ्याच बंद कराव्यात का, यावर खास सभा घेतली. बंद केल्या नाहीत. पण मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या संघराज्याच्या अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठाने १० विरुद्ध ७ मतांनी काउंटीच्या बाजूने निकाल दिला. लायब्ररीत काय ठेवायचं या निर्णयाला वाचक माहिती मिळवण्याच्या हक्काखाली आव्हान देऊ शकत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला.

टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी ही तीन राज्यं पाचव्या सर्किटमध्ये येतात. डॅलस किंवा ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या मराठी माणसासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की कोर्टाचं दार आता जवळजवळ बंद आहे, त्यामुळे बोर्ड, कौन्सिल आणि मतपेटी यांनाच पर्याय नाही.

पैशाचं उदाहरण मिशिगनमधल्या जेम्सटाउन टाउनशिपचं. पॅटमॉस लायब्ररीतल्या एलजीबीटीक्यू विषयांवरच्या काही पुस्तकांवरून राग धुमसत होता, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मतदारांनी लायब्ररीचा कर नामंजूर केला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा नामंजूर. लायब्ररीचं बहुतांश उत्पन्न त्याच करातून येत होतं. देणग्या आल्या, कादंबरीकार नोरा रॉबर्ट्स यांनी एकट्या ५० हजार डॉलर दिले. पण देणगीवर लायब्ररी किती वर्षं चालणार? नोव्हेंबर २०२३ मध्ये तिसऱ्या खेपेला कर मंजूर झाला. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया काउंटीत तर त्याच वर्षी अख्खं लायब्ररी डिस्ट्रिक्टच विसर्जित करण्याचा प्रस्ताव मतपत्रिकेवर जाणार होता. कोर्टाने तो काढायला लावला.

उलट दिशेचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचचं. कौन्सिलने मुलांच्या पुस्तकांची छाननी करायला २१ जणांपर्यंतचं पालक मंडळ नेमण्याचं ठरवलं, लायब्ररीचा कारभार खासगी कंपनीला देण्याचीही चाचपणी केली. रहिवाशांनी फेसबुकवर उत्तरं देण्यापेक्षा सह्या गोळा केल्या. १० जून २०२५ च्या विशेष निवडणुकीत छाननी मंडळ रद्द करणारा आणि खासगीकरणाला मतदारांची परवानगी लागेल असं ठरवणारा, असे दोन्ही प्रस्ताव मंजूर झाले. शहर एरवी चांगलंच रिपब्लिकन वळणाचं. लायब्ररीच्या प्रश्नावर लोक पक्षाच्या रेषेवर मत देतीलच असं गृहीत धरू नका, दोन्ही बाजूंनी.

चौथी पायरी: कागद मागा

ऐकीव माहितीवर सभेत उभं राहू नये. न्यू जर्सीत ओपन पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली साध्या अर्जाला साधारणपणे कामकाजाच्या ७ दिवसांत उत्तर मिळायला हवं, टेक्सासमध्ये कामकाजाच्या १० दिवसांचा हिशेब असतो. अर्ज नेमका करा. पुस्तकांबाबतचा सगळा पत्रव्यवहार द्या, असं लिहिलंत तर नकार किंवा भलंमोठं बिल येईल. त्याऐवजी: अमुक तारखेपासून आलेले रीकन्सिडरेशनचे फॉर्म, त्यांवरचे लेखी निर्णय, अमुक पुस्तकाचं नाव असलेले विश्वस्त आणि डायरेक्टर यांच्यातले ईमेल, आणि त्याच काळात कॅटलॉगमधून कमी केलेल्या पुस्तकांची यादी. कोणी कोणतं पुस्तक नेलं हे मात्र मागू नका. वाचकांच्या नोंदी बहुतेक राज्यांत गोपनीय असतात, आणि ते तुमच्याही भल्याचं आहे.

सभेची नोटीस आधी जाहीर करावी लागते, न्यू जर्सीत ४८ तास आधी. विश्वस्तांच्या बहुमताने आपसांत ईमेलवर ठरवून टाकणं चालत नाही. नोकरवर्ग, खटले, जागेचे व्यवहार अशा विषयांसाठी दार बंद करता येतं. पुस्तक ठेवायचं की काढायचं, यासाठी सहसा येत नाही. अजेंड्यावर एक्झिक्युटिव्ह सेशन दिसलं तर विषय कोणता, एवढं विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

आक्षेप तुमचाच असेल तर

हा भाग मुद्दाम लिहितोय, कारण मराठी पालकांनाही पुस्तकं खटकतात. कुठे देवादिकांचं विचित्र चित्रण, कुठे भारत म्हणजे साप आणि उकिरडे, कुठे आठ वर्षांच्या मुलाच्या हाती लागलेलं पंधरा वर्षांच्या मुलांसाठीचं कॉमिक. खटकणं हा गुन्हा नाही, आणि तक्रार करणारा प्रत्येक जण पुस्तकं जाळायला निघालेला नसतो.

आधी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. मग चिल्ड्रन्स लायब्ररियनला भेटा, फॉर्म न भरता. हे पुस्तक या वयोगटात का ठेवलंय, असं सरळ विचारा. बऱ्याचदा लेबल चुकलेलं असतं आणि पाच मिनिटांत काम होतं. चुकीची माहिती असलेलं पुस्तक असेल तर नवी आवृत्ती किंवा त्याच विषयावरचं चांगलं पुस्तक घ्यायची विनंती करा. खरेदीची विनंती मान्य व्हायची शक्यता हटवण्याच्या विनंतीपेक्षा कितीतरी जास्त असते. तरीही फॉर्म भरायचाच असेल तर तुमच्या मुलांनी काय वाचावं आणि सगळ्या टाउनच्या मुलांनी काय वाचावं, यांतली रेघ कुठे मारता ते स्वतःला विचारून मगच शेवटचा रकाना भरा. आज ज्या सैल नियमाचा आधार घेऊन तुम्ही एक पुस्तक काढायला लावाल, त्याच नियमाने उद्या कुणी दिवाळीच्या चित्रपुस्तकावर धर्मप्रचाराचा शिक्का मारू शकतो.

अश्लील हा शब्दही जपून वापरा. सर्वोच्च न्यायालयातल्या १९७३ च्या मिलर खटल्यापासून कायद्यातली अश्लीलता ठरवताना कृती समग्रपणे पाहावी लागते. सभेत एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला की खळबळ उडते, कायद्याच्या दृष्टीने त्याने फारसं काही सिद्ध होत नाही.

सभेतली तीन मिनिटं

बोर्डाची सभा ही आपल्या सोसायटीच्या एजीएमसारखी चालत नाही. मध्येच उठून बोलता येत नाही. दाराशी नाव लिहायचा कागद असतो, काही ठिकाणी दुपारपर्यंत ऑनलाइन नाव द्यावं लागतं. प्रत्येकाला बहुधा ३ मिनिटं, गर्दी असेल तर दोनच. समोर टायमर, वेळ संपली की अध्यक्षा थांबवतात, वाक्य अर्धं असलं तरी. आणि बोर्ड उत्तर देत नाही. सगळे माना डोलावतात, थँक यू म्हणतात, पुढचं नाव पुकारतात. पहिल्यांदा हे फार अपमानास्पद वाटतं. तो नियम आहे, तुमच्याशी वैर नाही.

तीन मिनिटं म्हणजे सावकाश वाचल्यास एका पानाहून थोडं जास्त. इंग्रजीत बोलायचंय, पण मुद्दे आधी मराठीत मांडून पाहा. साधारण असं:

"मी या टाउनमध्ये बारा वर्षं राहतो, माझ्या दोन्ही मुली याच लायब्ररीत वाचायला शिकल्या. अजेंड्यावरच्या सातव्या विषयावर बोलतोय. प्रस्तावानुसार आक्षेप आल्याबरोबर पुस्तक फळीवरून काढलं जाईल. सध्याच्या धोरणात ते निर्णय होईपर्यंत राहतं. गेल्या वर्षी किती फॉर्म आले आणि किती पुस्तकं बदलली, ते आकडे लायब्ररीनेच मला दिले आहेत, त्यांची प्रत सेक्रेटरींकडे देतोय. सध्याची पद्धत कुठे कमी पडली, ते प्रस्ताव मांडणाऱ्यांनी सांगावं. तोपर्यंत हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा, अशी विनंती."

यात पुस्तकाचं नाव नाही, कुणावर आरोप नाही, आणि शेवटी एक मागणी आहे जी मान्य करायला बोर्डाला फार धैर्य लागत नाही. तहकुबी ही छोटी गोष्ट वाटते, पण महिनाभरात माणसं थंड होतात आणि वकिलाचं मत येतं. भाषणाची प्रत मिनिट्सला जोडायला सांगा. आणि शक्य असेल तर हायस्कूलमधल्या मुलांना बोलू द्या. त्यांच्यासाठी म्हणून चाललेल्या सभेत तीच दिसत नाहीत.

मत कोणाला, तोंड कोणाला

ग्रीन कार्डवर किंवा एच-१बीवर असलेल्यांना सभेत बोलता येतं, पत्र लिहिता येतं, कागद मागता येतात. मत देता येत नाही, आणि मतदार म्हणून नावही नोंदवायचं नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवरच्या त्या चौकटीत चुकून टिक केली तरी पुढे नागरिकत्वाच्या वेळी फार महागात पडू शकते. मतपत्रिकेवर प्रस्ताव आणण्यासाठीच्या सह्याही नोंदणीकृत मतदारांच्याच लागतात, तेव्हा मॉलच्या दाराशी कुणी क्लिपबोर्ड पुढे केला तर हसून नको म्हणा. उमेदवाराला देणगी ग्रीन कार्डधारक देऊ शकतो, एच-१बीवाला नाही, अगदी गावच्या निवडणुकीतही नाही. व्हिसावर असताना फार पुढे यायचं असेल तर वकिलाला एकदा विचारलेलं बरं.

महाराष्ट्र मंडळांचं वेगळं पथ्य. बहुतेक मंडळं ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून, नोंदलेली आहेत. त्यांना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, मग तो आपला मराठी का असेना, आणि मंडळाच्या ईमेल यादीवरूनही नाही. लायब्ररीच्या करासारख्या प्रस्तावावर मर्यादेत भूमिका घेता येते. उमेदवारांना एकत्र बोलावून सगळ्यांना सारखे प्रश्न विचारणारा कार्यक्रम करता येतो, आणि तो लायब्ररीच्याच मीटिंग रूममध्ये घेतला तर उत्तम.

पैशाचा हिशेब मांडता आला पाहिजे

कर कमी करा म्हणणाऱ्याला आकडा सांगा. न्यू जर्सीत म्युनिसिपल लायब्ररीला कायद्याने किमान एक तृतीयांश मिल मिळतो, म्हणजे मालमत्तेच्या समायोजित मूल्याच्या दर हजार डॉलरमागे सुमारे ३३ सेंट. ६ लाखांच्या घराला वर्षाला साधारण २०० डॉलर. जे टाउन याहून जास्त देतं, तिथे वरचा पैसा हा वादाचा बळी ठरू शकतो. बजेटच्या सभेला पुस्तकाच्या सभेच्या निम्मीही माणसं येत नाहीत, आणि खरा वेळ तिथेच द्यावा असं माझं मत आहे.

वॉशिंग्टन डीसीतल्या केंद्र सरकारचाही हात यात असतो. मार्च २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने संग्रहालयं आणि ग्रंथालयांना निधी देणारी संघराज्याची संस्था गुंडाळायला घेतली, आणि काही राज्यांत ई-बुक व आंतरग्रंथालयीन देवघेव अडखळली. मराठी वाचकाला हे थेट लागतं. इथल्या विद्यापीठांत जी मराठी पुस्तकं आहेत, त्यांतली बरीच जुनी १९६२ पासून पीएल-४८० च्या पैशातून आली: तोच तो अमेरिकन गव्हाचा करार, गव्हाच्या मोबदल्यातले रुपये भारतातच पुस्तकं घेण्यावर खर्च झाले. ती पुस्तकं घराजवळच्या शाखेत येतात ती याच देवघेवीतून.

निर्णय झाल्यावर

बोर्डाने पुस्तक ठेवायचा ठराव केला, टाळ्या झाल्या, तरी महिनाभराने कॅटलॉग उघडून पाहा. प्रत सापडत नाही असं दिसतंय का, की कुणीतरी तीच प्रत पुन्हा पुन्हा होल्डवर ठेवतंय, की पुस्तक गुपचूप कमी केलंय? जुनी, फाटकी, कालबाह्य पुस्तकं काढणं हे प्रत्येक लायब्ररीचं नेहमीचं काम आहे, त्याला वीडिंग म्हणतात. तीन वर्षांत कुणी न नेलेलं २००९ सालचं टॅक्स गाइड गेलं तर बोंब मारू नका. पण दोन महिन्यांपूर्वी वादात असलेलं आणि सतत बाहेर जाणारं पुस्तक वीडिंगमध्ये गेलं असेल तर कोणत्या निकषावर गेलं, ते लेखी विचारा. लॅनोमध्येही काउंटीचा बचाव हाच होता, की हे वीडिंग आहे.

ग्रंथपालांवर सूड उगवला जातोय का, याकडे लक्ष ठेवा. वायोमिंगमधल्या कॅम्बेल काउंटीत पुस्तकं हटवायला नकार देणाऱ्या डायरेक्टरना जुलै २०२३ मध्ये काढलं गेलं, आणि २०२५ साली काउंटीला ७ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. अजेंड्यावर पर्सोनेल असा मोघम विषय लागोपाठ दिसू लागला, तर सभेला जा आणि नुसते बसून राहा. खुर्च्या भरलेल्या दिसल्या की बोर्डाची भाषा बदलते.

आणि पहिल्या पायरीत केलेला तो कागद काढा, ज्यावर विश्वस्तांच्या मुदती लिहिल्या होत्या. नेमणुकीचं बोर्ड असेल तर रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी अर्ज मागवतात, टाउनच्या वेबसाइटवर बोर्ड्स अँड कमिशन्स या पानावर. दोन पानी फॉर्म असतो, सोबत रेझ्युमे. हिशेब समजणारा, महिन्याची एक संध्याकाळ देणारा माणूस त्यांना हवाच असतो. तुमच्या ओळखीत नुकते निवृत्त झालेले, नागरिक असलेले, वाचणारे एक तरी काका किंवा मावशी असतील. अर्जाची मुदत कधी आहे ते त्यांना फोन करून सांगा.